जिप्सीला घरी पोलादी बंपर करायचाय: पत्रा ३ मिमी की ५ मिमी?

घाटवाट_मुलुंड

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप. पुढच्या बंपरचे दोन्ही कोपरे गंजून गेलेत, म्हणून नवा स्वतः बनवायचा विचार आहे. विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) नको. दोन रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढायला दोर लावायच्या जागा) आणि फॉग लॅम्पला जागा एवढं पुरे.

आराखडा असा: लांबी १४०० मिमी, आडवा छेद इंग्रजी सी सारखा, वरची बाजू १२०, समोरची २००, खालची १००. म्हणजे उलगडलेला पत्रा १४०० × ४२०. हाताशी १६० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, चार इंची ग्राइंडर आणि बेंच ड्रिल आहे.

प्रश्न तीन. पत्रा ३ मिमी घ्यावा की ५? बंपर चासीला वेल्ड करावा की बोल्टने बसवावा? आणि रेडिएटरसमोर पाइपचा हूप (कमान) लावावा का?

रानगाडी

५ मिमी घ्या. एकदाच करायचंय ना, मग हात आखडता कशाला?

दोनसुती

रानगाडी, आधी वजन काढून बघू. पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. घाटवाट यांचा पत्रा ०.५८८ चौरस मीटर आहे. ३ मिमीचा झाला तर १३.८ किलो, ५ मिमीचा झाला तर २३ किलो. टोकांच्या झाकण्या, ब्रॅकेट आणि रिकव्हरीचे कान (दोर लावायच्या भोकाच्या जाड पाट्या) यांचे आणखी सात-आठ किलो धरा.

हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं, त्यामुळे पुढच्या ॲक्सलवर ते वाढून येतं. जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २३७५ मिमी. बंपरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ६५० मिमी पुढे धरला तर २२ किलोचा बंपर पुढच्या ॲक्सलवर २२ × (२३७५ + ६५०) ÷ २३७५, म्हणजे २८ किलो टाकतो आणि मागून ६ किलो उचलतो. उद्या तिथेच ३० किलोचा विंच आला की पुढे ६६ किलो वाढले. हजार किलोच्या आसपासच्या गाडीला हे जाणवतं. पाटे (लीफ स्प्रिंग) बसतात, आणि बंपरने कमावलेली उंची पाट्यांतून निघून जाते.

सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे ५ मिमीचा पत्रा ३ मिमीपेक्षा साडेचार पट ताठ, हे खरंच आहे. पण तो सपाट ठेवतंय कोण? वरच्या-खालच्या कडा आत २५ मिमी दुमडा, आणि आतून ४ मिमीच्या सी छेदात बसणाऱ्या तीन-चार फासळ्या द्या. ३ मिमीचा बंपर दगडावर घासला तर चरा पडेल, लोळागोळा होणार नाही.

माझं मत: कातडी (बाहेरचा पत्रा) ३ मिमी, ब्रॅकेट ८ मिमी, रिकव्हरीचे कान २० मिमी. जाडी जिथे जोर येतो तिथे.

चासीनंबर

दोनसुती यांच्याशी सहमत. मी तर म्हणेन की धाग्याचा प्रश्नच बदला. बंपर मोडतो तो पत्र्यात नाही, जिथे तो चासीला धरलाय तिथे.

चासीला वेल्ड करू नका. वेल्डशेजारच्या पट्ट्यात चासीचं पोलाद तापून बदलतं, आतल्या बाजूचा रंग जळतो आणि गंज नेमका दिसत नाही तिथून सुरू होतो. शिवाय धडक बसली तर बंपर बदलायला चासी कापावी लागेल.

बोल्ट एम १२ (१२ मिमीचा), ग्रेड ८.८ (ताकदीची प्रत), प्रत्येक बाजूला चार, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेल्या) नटसह. भोक १३.५ मिमी. ब्रॅकेटची भोकं मोजून पाडू नका. चासीच्या टोकावर जाड कागद धरून बोटाने घासा, भोकांच्या कडा उमटतात. तोच कागद ८ मिमीच्या पाटीवर चिकटवून पंच मारा. प्रत्येक बाजूचं एक भोक लांबट ठेवा, १३.५ × २०, म्हणजे भोकांच्या मापातला थोडा फरक सामावतो.

आता बहुतेक जण चुकतात ती जागा. चासी आतून पोकळ आहे. आरपार बोल्ट घेऊन कसला की भिंती आत चेपतात, आणि चेपत राहतात म्हणून बोल्ट दर महिन्याला सैल होतो. बोल्टभोवती चासीच्या आतल्या रुंदीइतकी जाड नळी घालायची. नळी दोन्ही भिंतींना टेकली की मगच ८.८ चा एम १२ बोल्ट ८० न्यूटन-मीटरला कसता येतो.

कुर्लेकर_गॅरेज

नळीचा मुद्दा लाखमोलाचा. त्यात एक भर: जिप्सीच्या पुढच्या पाट्यांच्या शॅकल (पाटा चासीला जोडणारे झुलते दुवे) पुढच्या टोकाला असतात. चाक दगडावर चढलं की पाटा सरळ होतो आणि शॅकल पुढे झुलते. ब्रॅकेटची मागची कड तिच्या वाटेत आली तर ती ठण्णकन आपटते आणि गाडीचा दणका थेट चासीत जातो. बंपर टाक्यांवर (तात्पुरत्या ठिपका-वेल्डवर) असताना गाडी जॅकवर घ्या, एक चाक लाकडी ठोकळ्यांवर पूर्ण दाबून बघा आणि २५ मिमी मोकळी जागा उरते का ते पाहा. मगच पक्कं वेल्ड.

कलम_५२

हूपबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर, म्हणजे गाडीसमोरच्या अशाच पाइपांवर, कारवाई करावी असं राज्यांना कळवलं. त्याला आधार मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ (४) प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण कायद्यापेक्षा कारण मोठं आहे. मुंबईत गाडीसमोर सगळ्यात जास्त काय येतं? माणूस. बॉनेटचा पत्रा चेपतो आणि धक्का थोडा तरी खातो. ४८ मिमीचा पाइप चेपत नाही. बॉनेटच्या उंचीवर हूप असला की लहान मुलाचं डोकं आणि मोठ्याची कंबर थेट त्यावर येते. हूप अजिबात नको.

रानगाडी

जंगलात फांद्या येतात, रेडिएटर फुटला तर गाडी तिथेच. हूप नको म्हणणं सोपं आहे.

चासीनंबर

फांद्यांसाठी ग्रिलमागे, रेडिएटरच्या पुढे भोकांची जाळी लावा, दीड मिमीची, भोकं १० मिमीची. दीड-दोन किलोत काम होतं आणि बाहेर काही येत नाही. फक्त जाळीचा किमान अर्धा भाग उघडा हवा, नाहीतर चढावर इंजिन तापेल. आणि ती रेडिएटरच्या पंखांना टेकवायची नाही, २० मिमी अंतर ठेवा.

रानगाडी

ही जाळी पटली. हूपचा मुद्दा मागे घेतो.

सायलीची_चाकं

प्रश्न: हेच जिम्नीला किंवा २०२० नंतरच्या थारला करता येईल का? ब्रॅकेट तर बोल्टनेच बसतात.

कलम_५२

सायलीताई, नको. त्या गाड्यांत एअरबॅग आहेत. पुढचा भाग किती वेगाने चेपला यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. मूळ बंपरमागचा आडवा दांडा आणि त्यामागचे चेपणारे डबे त्या हिशेबातच बनवलेले असतात. तिथे ताठ पोलाद आलं की धक्क्याचा आलेख बदलतो: एअरबॅग हळू धडकेत उघडेल किंवा गरजेच्या वेळी उशिरा. जिप्सीत एअरबॅग नाहीत आणि मूळ बंपरही पत्र्याचाच, म्हणून इथे निदान बोलता तरी येतं.

ठिणगी

आता वेल्डिंग. १६० अँपिअरचं मशीन पुरेल, पण सोसायटीच्या पार्किंगमधला सॉकेट पुरेल का ते बघा. २.५ मिमीचा रॉड ८० अँपिअरला चालवला तर मशीन साधारण १३–१४ अँपिअर ओढतं, १६ अँपिअरच्या सॉकेटवर निभावतं. ३.१५ चा रॉड १२० अँपिअरला लावलात की २० च्या वर जातं आणि एमसीबी पडतो. लांब एक्स्टेंशन वापरणार असाल तर वायर किमान ४ चौरस मिमीची, आणि पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळी तशीच राहिली तर ती तापून वितळते.

३ मिमी कातडीला ई६०१३ प्रकारचा रॉड, २.५ मिमी, ७० ते ८५ अँपिअर. ८ मिमी ब्रॅकेट आणि २० मिमी कान यांना ई७०१८, आणि हे काम १६ अँपिअरच्या सॉकेटवर घरी करू नका. जाड पोलाद उष्णता शोषून घेतं, वर छान लहर दिसते आणि खाली वेल्ड पोलादात एकजीव झालेलाच नसतो. कान-ब्रॅकेटचे सांधे ३० अंशाला तासून, खोबण करून, तीन-फेज असलेल्या फॅब्रिकेटरकडून भरून घ्या. ई७०१८ कोरडाच हवा. मुंबईच्या पावसाळ्यात उघडं पाकीट आठवडाभर पडलं तर त्या रॉडने वेल्डला चिरा जातात.

बंपर केळ्यासारखा वाकतो ही नेहमीची तक्रार. कारण वेल्ड थंड होताना आकसतो आणि लांब शिवण एका दमात मारली की सगळं एकाच बाजूला ओढलं जातं. उपाय: १०० मिमीच्या सरळ चॅनेलला बंपर क्लॅम्प करा, मध्यापासून बाहेर दर ७५ मिमीवर टाका, मग २५–३० मिमीचे तुकडे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. हात लावता येईल इतका थंड होऊ द्या, मगच पुढचा तुकडा. क्लॅम्प पूर्ण थंड झाल्यावरच काढा.

घाटवाट_मुलुंड

सगळ्यांचे आभार. ठिणगी, दुमडायचं कसं? १४०० मिमीचं बेंडिंग मशीन घरी नाही.

ठिणगी

घरी करायचं तर दुमडीच्या रेषेवर बाहेरून १ मिमी कटिंग चाकाने खाच मारा, जाडीच्या साधारण निम्मी. पत्रा दोन अँगलमध्ये आवळून वाकवा. खाच व्हीसारखी उघडते, ती वेल्डने पूर्ण भरा, मग फ्लॅप डिस्कने घासा. खाच खोल गेली तर पत्रा फाटतो, उथळ राहिली तर दुमड रेषा सोडून भलतीकडे जाते. आणि घासताना वेल्ड पत्र्याच्या पातळीखाली नेऊ नका. दिसतं गुळगुळीत, पण सांध्यात जीव उरत नाही.

अनुजा_वसई

ठिणगीदादा, चार लांब दुमडी अशा मारायच्या म्हणजे साडेपाच मीटर वेल्ड आणि तेवढंच वाकणं. त्यापेक्षा लेझर कटिंग आणि बेंडिंग बाहेरून करून घ्या. वसई पूर्व, रबाळे, तळोजा इथे छोटं कामही घेतात. डीएक्सएफ (कटिंग मशीन वाचतं ती आराखड्याची) फाइल द्यायची, १:१ प्रमाणात, मिमीमध्ये, आणि दुमडीच्या रेषा वेगळ्या लेयरवर. नाहीतर मशीन त्या रेषाही कापून टाकतं.

दुमडीत पत्रा ताणला जातो, त्यामुळे १२० + २०० + १०० अशी बाहेरची मापं बेरजेत धरून पत्रा कापला तर बंपर मोठा येतो. ३ मिमीला ९० अंशात दर दुमडीमागे साधारण ५ मिमी वजा होतात. नेमका आकडा त्यांच्या डायवर (दुमडायच्या साच्यावर) ठरतो, म्हणून तो त्यांनाच विचारून मग फाइल करा.

फाइलआधी पुठ्ठ्याचा बंपर करा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. गाडीवर चिकटपट्टीने लावा, बॉनेट उघडा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग टायरच्या पुढच्या खालच्या गोलाईला सुतळी टेकवून ती बंपरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत ताणा आणि मोबाइलवर कोन मोजा. जुना बंपर असताना हाच कोन मोजलेला हवा. नवा त्यापेक्षा कमी येत असेल तर खालची बाजू टोकांकडे वर उचलून कापा. बंपरची टोकं चाकासमोर जितकी कमी, तितकी गाडी दगडावर चढते.

दोनसुती

अनुजाताई, पुठ्ठ्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत. पोलाद कापल्यावर कळलेली चूक किलोच्या भावाने पडते.

मालाबद्दल: पूर्ण शीट हवी तर कळंबोलीचा पोलाद बाजार. एवढ्याशा तुकड्यांना रे रोड, दारूखाना बरा, वजनावर मिळतात. तिथे दोन गोष्टी सांभाळा. मोडीत काढलेल्या जहाजाचं पोलाद स्वस्त पडतं, पण प्रत कोणती ते कळत नाही आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो रंग ग्राइंडरने उडवायचा नाही, जाळायचाही नाही. कातडीला एक वेळ चालेल, रिकव्हरीच्या कानांना नाही. कानांसाठी आयएस २०६२, ई २५० चीच पाटी घ्या. दुकानात माप सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. 'एक सुती' म्हणून हातात येईल ते ३.१५ असेल किंवा २.८. व्हर्नियर खिशात ठेवा.

समुद्रवारा

बोल्ट स्टेनलेसचे घेतले तर? दादरला खाऱ्या हवेत साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत लाल होतात.

चासीनंबर

ब्रॅकेटला नको. ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कलला कायमचा ताणला जातो, ८.८ चा बोल्ट ६४० ला. वरून स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात. नंबर प्लेट, फॉग लॅम्प इथे स्टेनलेस खुशाल वापरा. ब्रॅकेटला ८.८, झिंक फ्लेकचा थर असलेले. नागदेवी स्ट्रीटला मिळतात. डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही असल्याशिवाय घेऊ नका.

आता रिकव्हरीचे कान, कारण इथली चूक माणसाच्या जिवावर बेतते. ४.७५ टनाच्या डी-शॅकलची (दोर अडकवायच्या कडीची) पिन २२ मिमी, तिच्या जबड्यातली जागा साधारण ३२ मिमी. कान २० मिमी जाड, भोक २५ मिमी, भोकाभोवती सर्व बाजूंनी किमान २५ मिमी माल, कडा गोल, नाहीतर दोर कापला जातो. कान बंपरच्या चेहऱ्यावर चिकटवायचा नाही. चेहऱ्यात खाच पाडा, कान आरपार मागे न्या आणि थेट ८ मिमी ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. ओढ कानातून ब्रॅकेटमध्ये, ब्रॅकेटमधून बोल्टांत, बोल्टांतून चासीत गेली पाहिजे. कातडीचा या रांगेत काही संबंध नाही. म्हणूनच ती ३ मिमी असली तरी चालते.

ठिणगी

कानांचे वेल्ड तपासूनच वापरा. डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात: लाल मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा मारा. चीर असली तर लाल रेघ उमटते. रेघ दिसली तर वरून आणखी एक थर मारू नका. चीर पूर्ण घासून काढून नव्याने भरा.

सोसायटी_सदस्य

पार्किंगमध्ये काम करणाऱ्यांसाठी: ग्राइंडरच्या ठिणग्या सहा-सात मीटर उडतात. शेजारच्या गाडीच्या काचेत त्या रुततात, धुऊन निघत नाहीत, आणि रंगावर पडल्या की आठवड्यात तपकिरी ठिपके येतात. ओली गोणपाटं आडवी बांधा, वाळूची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा, काम संपल्यावर अर्धा तास जागा सोडू नका. गाडीवर टाके मारायचे तर बॅटरीची दोन्ही टोकं सोडवा आणि मशीनचा अर्थ क्लॅम्प चासीला नाही, बंपरलाच लावा.

पनवेल_पाऊस

रंगाचं कोणी लिहिलं नाही, आणि मुंबईत बंपर मरतो तो दगडाने नाही, गंजाने.

नुसतं पावडर कोटिंग टाळा. दगडाने एक टवका उडाला की पाणी थराखाली शिरतं, वरून बंपर काळा कुळकुळीत दिसतो आणि आत पत्रा पोखरत जातो. सँड ब्लास्टिंग, त्याच दिवशी झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर ६० मायक्रॉन, त्यावर इपॉक्सी १००, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग ५०. ब्लास्ट केलेलं पोलाद जुलैच्या हवेत काही तासांत पिवळं पडतं, म्हणून 'उद्या मारू' चालत नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर रंगकाम थांबवा. शक्यतो हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका.

खालच्या बाजूला प्रत्येक फासळीच्या दोन्ही अंगांना १२ मिमीची भोकं पाडा, नाहीतर फासळ्यांमध्ये चिखल साचून राहतो. गरम झिंकमध्ये बुडवून घेणार असाल तर कुठेही बंद पोकळी ठेवू नका. साधारण ४५० अंशांच्या झिंकमध्ये आतल्या पाण्याची वाफ होऊन नळी फुटते. आणि वेल्ड आधी, झिंक नंतर. झिंक चढवलेल्या पत्र्यावर वेल्ड केलं तर त्या धुराने ताप भरतो.

कलम_५२

एक राहिलं. नंबर प्लेट. उच्च सुरक्षा प्लेट एकदाच लागणाऱ्या लॉकने बसते. ती उचकटून नव्या बंपरला स्क्रूने लावू नका, अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्या. नव्या बंपरवर मूळ जागी, मूळ उंचीवर प्लेटची सपाटी ठेवा. आणि जुना बंपर, कोपरे गंजलेले असले तरी, टाकू नका. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणाला गाडी तपासणीत उभी राहते.

घाटवाट_मुलुंड

सगळं वाचून आराखडा बदलला. हूप रद्द, ग्रिलमागे जाळी. बाहेरचा आकार आणि लांबी मूळ बंपरइतकीच, पुढे काहीही निघत नाही, सगळे कोपरे गोल. कातडी ३ मिमी, लेझर आणि बेंडिंग बाहेरून. ब्रॅकेट ८ मिमी, प्रत्येकी चार एम १२, आत नळ्या. कान २० मिमी, आरपार, वेल्ड फॅब्रिकेटरकडून. फॉग लॅम्प चेहऱ्याच्या आत बसवलेले. अंदाजे वजन २१ किलो. आधी पुठ्ठा. आरटीओत आराखडा दाखवून लेखी विचारतो, उत्तर आल्याशिवाय फाइल कटिंगला जाणार नाही.

एकच शंका: लांबट भोक ब्रॅकेटच्या कोणत्या जागी ठेवू? पुढे की मागे?

चासीनंबर

मागच्या वरच्या जागी, लांबी उभी. रिकव्हरीची ओढ आडवी असते. भोक आडवं लांबट केलं तर ओढीसरशी ब्रॅकेट सरकेल. त्यावर ४ मिमी जाड, रुंद वायसर घाला. सगळे बोल्ट कसल्यावर नट आणि ब्रॅकेट यांवर रंगाची एक सलग रेघ ओढा. १०० किलोमीटरवर आणि मग ५०० वर रेघ तुटलीय का बघा. तुटली असेल तर तो नायलॉक पुन्हा कसू नका, नवा घाला.